तेलांतील गाळाची परीक्षा

मोटरसायकलचें तेल बदलण्याचें काम दिसावयास फार साधें आहे. इंजिनाखालचा बोल्ट सोडावा, काळें झालेलें तेल भांड्यांत वाहूं द्यावें, बोल्ट पुनः बसवावा आणि वरून नवें तेल ओतावें, एवढेंच तें काम. परंतु एखादे वेळीं त्या काळ्या तेलाबरोबर असें कांहीं बाहेर पडतें कीं, ज्याची अपेक्षा कोणीहि केलेली नसते. भांड्याच्या तळाशीं चकाकणारा कीस दिसतो, बोल्टाच्या टोकाला करडा लगदा चिकटलेला असतो, किंवा नखाएवढा एक काळा तुकडा हातीं लागतो. अशा वेळीं माणसांचे दोन प्रकार दिसून येतात. एक घाबरून जातो आणि "इंजिन गेलें" असें समजून तें सगळें खोलावयास सांगतो. दुसरा तो तुकडा चिंधीनें पुसून टाकतो व गाडी सुरू करून चालूं लागतो. पहिल्याचा पैसा विनाकारण खर्च होतो. दुसऱ्याचें इंजिन भर रस्त्यांत, कदाचित् घाट उतरतांना, एकाएकीं जाम होण्याचा संभव असतो. आणि गाडीवर त्याच्या मागें पुष्कळदां आणखीहि कोणी बसलेलें असतें.

ह्या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे व तो विद्यार्थ्यांनीं शिकण्यासारखा आहे. तेलांत सांपडलेल्या प्रत्येक तुकड्याला कोठें तरी घर असतें. तो कोणत्या तरी भागापासून सुटून आलेला असतो. तें घर कोणतें, हें इंजिन न खोलतांहि बऱ्याच अंशीं ओळखतां येतें. भिण्याचें कारण आहे किंवा नाहीं, हें घर ओळखल्यावर ठरवावें, त्यापूर्वीं नव्हे. ही ओळख कशी पटवावी, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तेलाचा प्रवास

प्रथम तेल इंजिनांत काय करतें, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. उदाहरणादाखल १९९४ सालीं बाजारांत आलेली स्प्लेंडर ही आपल्या ओळखीची गाडी घेऊं. तिच्या मूळ इंजिनाचा सिलिंडर ५० मिलिमीटर व्यासाचा असून पिस्टनची धांव ४९.५ मिलिमीटर आहे. त्यावरून त्याचें घनफळ ९७.२ घन सेंटिमीटर येतें, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं स्वतः गणित करून पडताळून पाहावें. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असलें, तर पिस्टन एका सेकंदांत १०० वेळां खालीं व १०० वेळां वर जातो. म्हणजे त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारें १० मीटर पडतो. इतक्या वेगानें धातूवर धातु घासला, तर थोड्याच वेळांत दोन्ही तापून एकमेकांस धरून बसतील. तसें होत नाहीं, याचें कारण दोहोंच्या मध्यें तेलाचा एक पातळ पडदा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. तो पडदा आहे तोंपर्यंतच इंजिन आहे.

तळच्या हौदांतून तेल जाळीवाटें पंपांत शिरतें. पंप तें क्रँककडे आणि वर व्हॉल्व्हांकडे पाठवितो. आपलें काम करून तें पुनः खालीं गळतें, व येतांना वाटेंत जें जें सुटें मिळेल तें बरोबर घेऊन येतें. कित्येक गाड्यांत हें तेल कागदी फिल्टरमधून गाळलें जातें. स्प्लेंडरच्या मूळ इंजिनांत क्रँकच्या टोकाशीं एक फिरती डबी असते. दूधडेअरींत साय वेगळी काढण्याचें यंत्र ज्या तत्त्वावर चालतें, त्याच तत्त्वावर ही डबी जड कण कडेला फेंकून आपल्या भिंतीला चिकटवून ठेवते. म्हणून गाळाची साक्ष केवळ भांड्यांतच मिळते असें नाहीं. जाळी, फिल्टर, फिरती डबी व बोल्टाचें टोंक ह्या ठिकाणींहि ती जपून ठेवलेली असते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्याकडील बहुतेक गिअरच्या मोटरसायकलींत इंजिन, क्लच व गिअर ह्या तिघांस एकच तेल पुरतें. जुन्या बुलेटची गिअरपेटी इंजिनापासून वेगळी असून तिचें तेलहि निराळें असे. त्यामुळें जुन्या बुलेटच्या गिअरपेटींत तुकडा निघाला, तर संशय एकाच खोलीवर जातो; स्प्लेंडरसारख्या गाडींत तोच तुकडा तीन खोल्यांपैकीं कोणत्याहि खोलींतून आलेला असूं शकतो. परीक्षा करणारानें आपल्या गाडीची रचना अगोदर जाणून घ्यावी, ती याकरितां.

पुरावा कसा राखावा

इंजिन थोडा वेळ चालवून कोमट करावें, म्हणजे तेल पातळ होऊन तळचा गाळ त्याबरोबर निघून येतो. मात्र अंगावर पडल्यास भाजेल इतकें तें तापवूं नये. तेल घ्यावयाचें भांडें पसरट व शक्य तर पांढऱ्या एनॅमलचें असावें. तें आधीं स्वच्छ पुसलेलें पाहिजे. नाहीं तर मागल्या खेपेचा किंवा दुसऱ्याच गाडीचा गाळ ह्या गाडीच्या नांवावर जमा होईल. हातांत रबरी मोजे घालावे, कारण वापरलेलें तेल वारंवार त्वचेला लागणें अपायकारक आहे.

सर्व तेल निथळल्यावर तें पातळ पांढऱ्या कापडांतून हळूहळू गाळावें. कापडावर जें राहील, तें थोड्या डिझेलनें धुऊन कागदावर पसरावें. जवळपास दिवा, विडी अथवा शेगडी असूं नये. जुना फिल्टर फेंकून न देतां कापून त्याच्या घड्या उलगडून पाहाव्या. काम झाल्यावर जुनें तेल डब्यांत भरून तें जमा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावें. गटारांत किंवा विहिरीजवळ त्याचा एक थेंबहि ओतूं नये.

चार प्रश्न

आतां कागदावरच्या गाळास चार प्रश्न क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न: हा पदार्थ कोणता? यासाठीं एक लोहचुंबक पुरे. तो पातळ प्लास्टिकच्या पिशवींत गुंडाळून गाळावरून फिरवावा, म्हणजे चिकटलेले कण पिशवी उलटी करतांच सुटून येतात. पोलाद व बीड चुंबकाला चिकटतात. अल्युमिनियम, पितळ, कांसें, तांबें, प्लास्टिक व रबर हीं चिकटत नाहींत. न चिकटणाऱ्यांत रंग पाहावा: रुपेरी असल्यास बहुधा अल्युमिनियम, पिवळट असल्यास पितळ किंवा कांसें, तांबूस असल्यास तांबें. काळा कण नखाखालीं चुरडून त्याची भुकटी झाली, तर तो जळक्या इंधनाचा कार्बन होय. न चुरडतां लवला, तर प्लास्टिक किंवा रबर समजावें. रुपेरी कणाविषयीं शंका उरल्यास शाळेच्या प्रयोगशाळेंत, शिक्षकांच्या देखरेखीखालींच, तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणांत टाकून पाहावा. अल्युमिनियम असेल, तर हायड्रोजनचे बुडबुडे उठतील.

दुसरा प्रश्न: त्याचा आकार कसा आहे? आकार हा तो कण कसा सुटला तें सांगतो. मऊ भुकटी ही सावकाश झिजेची खूण आहे. पापुद्र्यासारखे चपटे तुकडे बेअरिंगचा किंवा गिअरच्या दांत्याचा पृष्ठभाग थकून सोलला जात असल्याचें दर्शवितात. स्प्रिंगेप्रमाणें वळलेला कीस कोणी तरी धातु कापल्याचें अथवा आटे ओरबाडल्याचें सांगतो. जाड तुकड्याची एक बाजू गुळगुळीत व दुसरी रवाळ असली, तर गुळगुळीत बाजू ही मूळ भागाची व रवाळ बाजू ही मोडल्याची, असें ओळखावें.

तिसरा प्रश्न: किती व केवढा? मनुष्याच्या केसाची जाडी ढोबळ मानानें मिलिमीटरच्या चौदाव्या भागाएवढी असते. त्याहून बारीक, बोटांत चोळली असतां लोण्यासारखी लागणारी भुकटी थोडी असली, तर चिंता नको. जो कण बोटाला टोंचतो किंवा दुरूनहि डोळ्यांना दिसतो, त्याची दखल घेतलीच पाहिजे. तेल उन्हांत धरल्यावर त्यांत वर्ख मिसळल्याप्रमाणें चकाकी सर्वत्र दिसूं लागली, तर ती गोष्ट एखाद्या सुट्या तुकड्याहून अधिक गंभीर आहे. कारण ती झीज चालूं असल्याची खूण होय.

चौथा प्रश्न: केव्हां? नव्या गाडीचें पहिलें तेल साधारणपणें ५०० ते १,००० किलोमीटरांच्या सुमारास बदलतात. त्यांत बारीक धातूची भुकटी निघणें स्वाभाविकच आहे, कारण नवे पृष्ठभाग ह्या काळांत एकमेकांशीं जुळत असतात. तीच भुकटी तितक्याच प्रमाणांत ४०,००० किलोमीटरनंतर एकाएकीं दिसूं लागली, तर तिचा अर्थ निराळा. तसेंच, नुकतेंच इंजिन कोणीं उघडलें होतें काय, हेंहि विचारावें. पुष्कळसा कचरा झिजेचा नसून दुरुस्तीचा असतो.

कोणाचें घर कोठें

ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं, म्हणजे घर शोधणें सोपें होतें. नेहमीं आढळणारे कांहीं प्रकार पुढें दिले आहेत.

चुंबकी बोल्टाच्या टोकावरील करडा मऊ लगदा हा पोलादाच्या अतिसूक्ष्म झिजेचा असतो. गिअर, चेन, पिस्टनच्या रिंगा ह्या सर्वांचा त्यांत थोडा थोडा वांटा असतो. तो पुसून बोल्ट पुनः बसवावा.

बोल्टाच्याच आट्यांत अडकलेली रुपेरी, चुंबकाला न चिकटणारी तार निघाली, तर तिचें घर इंजिनाच्या आंत नसून बोल्टाच्या भोकांतच आहे. बोल्ट पोलादाचा व इंजिनाचें कवच अल्युमिनियमचें असतें. कोणी जोर करून बोल्ट आवळला, कीं मऊ धातूचे आटे सुटून येतात. इंजिन शाबूत आहे. परंतु आटे वेळींच दुरुस्त न केल्यास बोल्ट गळून पडून सर्व तेल रस्त्यावर जाईल.

रबरासारखे लवचीक, लाल, काळे किंवा करडे दोरे निघाले, तर ते पॅकिंगला लावलेल्या सिलिकॉनचे होत. दुरुस्ती करतांना तें अधिक लावलें, कीं आंत फुगून सुटतें. तें धातु नव्हे म्हणून निश्चिंत होऊं नये. असे दोरे पंपाच्या जाळीवर जमले, तर पंपाला तेलच मिळेनासें होतें.

तपकिरी किंवा काळसर तंतुमय भुकटी व तिच्याबरोबर जळकट वास असला, तर क्लचप्लेटांकडे पाहावें. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाहीं, ही त्याची दुसरी साक्ष. मोटरसायकलींत मोटारगाडीचें तेल घातल्यानेंहि कधीं कधीं क्लच घसरूं लागतो. म्हणून डब्यावर 'जासो एम ए' हें चिन्ह आहे कीं नाहीं, तें पाहून तेल घ्यावें.

तांबूस पापुद्रे अनेक सिलिंडरांच्या मोठ्या मोटरसायकलींत आढळल्यास ती धोक्याची खूण होय. त्यांच्या क्रँकला अर्धवर्तुळाकार वाट्यांचीं बेअरिंगें असतात. वरचा मऊ थर झिजून गेला, म्हणजे त्याखालील तांब्याचा थर उघडा पडतो. लहान एकसिलिंडरी गाड्यांच्या क्रँकमध्यें बहुधा रोलर व गोळ्यांचीं बेअरिंगें असतात; तेथें पिवळट कण दिसले, तर एखाद्या बुशाचा संशय घ्यावा.

तेल ताकाप्रमाणें दुधाळ दिसलें, तर त्यांत पाणी मिसळलें आहे. हवेनें थंड होणाऱ्या इंजिनांत थंडावा देणारें पाणी मुळांतच नसतें. तेव्हां तें बाहेरून आलें. पावसाळ्यांत रोज एक-दोन किलोमीटरच गाडी चालविली, तर इंजिन पुरतें तापत नाहीं व आंतील दमटपणा तेलांत राहतो. गाडी पुराच्या पाण्यांतून नेल्यानेंहि असें होतें. रेडिएटर असलेल्या गाडींत मात्र हेंच लक्षण हेडचें पॅकिंग किंवा पाण्याच्या पंपाचें सील गेल्याचें असूं शकतें. लक्षण एकच, परंतु रचना निराळी म्हणून निदानहि निराळें.

एक उदाहरण

समजा, एक शेतकरी रोज पहांटे दुधाच्या दोन किटल्या बांधून तालुक्याच्या गांवीं जातो. त्याच्या १०० सी.सी.च्या गाडीचें तेल काढतांना नखाएवढा काळा तुकडा निघाला. चुंबक त्याला ओढीत नाहीं. नखानें दाबल्यास तो किंचित् लवतो. त्याची एक बाजू सपाट असून दुसरीवर दोन समांतर चऱ्या पडलेल्या आहेत. अशा चऱ्या कोण पाडील? गिअरचे दांते प्लास्टिकवर घासत नाहींत. पिस्टनजवळ प्लास्टिक टिकणारच नाहीं. इंजिनांत जी एक वस्तु प्लास्टिकवर अथवा कठीण रबरावर सतत सरकत असते, ती म्हणजे टायमिंग चेन. तिला ताठ ठेवणाऱ्या पट्टीचाच हा तुकडा होय. आतां शेतकऱ्याला विचारावें, "सकाळीं गाडी सुरू करतांना बाजूनें खळखळ ऐकूं येते काय?" त्यानें होय म्हटलें, कीं दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या. एवढ्यासाठीं सबंध इंजिन खोलण्याचें कारण नाहीं. टायमिंग चेनच्या बाजूचें काम करून पट्टी बदलावी, चेन व तिला ताण देणारा भाग तपासावा, आणि पंपाची जाळी काढून धुवावी. कारण उरलेले तुकडे तेथेंच जाऊन बसलेले असण्याचा संभव अधिक.

आतां समजा, त्याच भांड्यांत काळ्या तुकड्याऐवजीं पोलादाचा एक तिकोनी तुकडा निघाला. चुंबकानें तो लगेच उचलला. दोन बाजू गुळगुळीत व चकचकीत आहेत, तिसरी रवाळ आहे. हा झिजून आलेला नाहीं, मोडून आलेला आहे. आणि आकारावरून गिअरच्या दांत्याचा कोपरा वाटतो. इंजिन बंद ठेवून, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, एकेक गिअर घालीत मागलें चाक हातानें सावकाश फिरवावें. एखाद्या गिअरमध्यें ठराविक जागीं अडखळ लागली, किंवा चालवितांना एखादा गिअर आपोआप सुटतो असें मालकानें सांगितलें, तर घर सांपडलें. अडखळ लागली नाहीं, तरी तुकडा खोटा ठरत नाहीं. ही गाडी आतां एक किलोमीटरहि चालवूं नये. दुसरा तुकडा दोन दांत्यांच्या मध्यें आला, तर सबंध गिअरपेटी जाम होऊन मागलें चाक एकदम थांबेल. येथें इंजिन खोलणें हाच काटकसरीचा मार्ग आहे. खोलल्यावर फुटक्या घागरीच्या खापऱ्या जुळवाव्या, त्याप्रमाणें सर्व तुकडे मोडलेल्या भागाशीं जुळवून पाहावे. एक जरी कमी भरला, तरी शोध संपला असें समजूं नये.

एकाच भांड्यांतून निघालेल्या दोन तुकड्यांपैकीं एकाचा अर्थ थोडकी दुरुस्ती, तर दुसऱ्याचा अर्थ "थांबा" असा होतो. नुसत्या घाबरण्यानें किंवा नुसत्या धीरानें हा भेद कळला नसता.

संशय उरला तर

कित्येकदां चारहि प्रश्न विचारून निर्णय होत नाहीं. बारीक भुकटी नेहमीपेक्षां किंचित् अधिक आहे, आवाज कांहीं नाहीं, तुकडाहि नाहीं. अशा वेळीं जाळी व फिल्टर स्वच्छ करून नवें तेल घालावें, गाडी बेतानें चालवावी, आणि नेहमींची मुदत येण्याची वाट न पाहतां सुमारें ५०० किलोमीटरांवर तेल पुनः काढून पाहावें. भुकटी घटली असेल, तर ती जुनी सांचलेली होती. तितकीच किंवा अधिक निघाली, तर आंत झीज चालूं आहे. एका डब्याच्या किमतींत हा निकाल लागतो. परंतु तुकडा मोडलेला असेल, चकाकी सर्व तेलांत पसरली असेल, किंवा नवा ठोका ऐकूं येत असेल, तर हा उपाय लावूं नये. तेथें गाडी उभीच ठेवावी.

मोठ्या यंत्रांची हीच परीक्षा

ही विद्या केवळ गॅरेजांतली आहे असें समजूं नये. विमानांच्या व हेलिकॉप्टरांच्या इंजिनांत तेलाच्या मार्गावर चुंबकी बूच बसविलेलें असतें. कित्येकांत त्याला लोहकण चिकटून विजेचें मंडल पुरें झालें, कीं वैमानिकापुढें दिवा लागतो. १९४० च्या दशकांत अमेरिकेंतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँडे वेस्टर्न रेल्वेनें डिझेल इंजिनांच्या तेलाची परीक्षा वर्णपटाच्या साहाय्यानें करण्यास आरंभ केला. तेलाचा थेंब ठिणगीनें पेटविला असतां प्रत्येक धातु आपापल्या रंगाचा प्रकाश देतो, व त्यावरून तेलांत लोखंड, तांबें, अल्युमिनियम किती आहे हें मोजतां येतें. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येंहि ही पद्धति वापरांत आली. १९७० च्या दशकांत फेरोग्राफीची रीत निघाली. तींत चुंबकाच्या ओढीनें तेलांतील लोहकण कांचपट्टीवर आकारानुसार मांडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात.

ह्या सर्व रीतींत विचारले जाणारे प्रश्न तेच आहेत: पदार्थ कोणता, आकार कसा, किती, आणि केव्हांपासून? इतकेंच नव्हे, वर्णपटाचें यंत्र फक्त अतिसूक्ष्म कण मोजूं शकतें. मोठा तुकडा त्याच्या नजरेंतून निसटतो. तो पाहावयास अजूनहि गाळणें व डोळा हींच साधनें लागतात.

विद्यार्थ्यांनीं ह्या सुटींत एक गोष्ट अवश्य करून पाहावी. घरच्या गाडीचें तेल बदलावयाचें असेल, त्या दिवशीं वडिलांबरोबर जावें, पांढरें भांडें व चुंबक बरोबर न्यावा, आणि जें निघेल त्याची नोंद एका वहींत तारीख व किलोमीटरच्या आंकड्यासह करावी. पालकांनींहि गॅरेजमध्यें "काढलेलें तेल व जाळी आम्हांस दाखवा" असें सांगण्यास संकोच करूं नये. चांगला मिस्त्री त्यानें रागावत नाहीं. पहिल्या नोंदीचा उपयोग फारसा वाटणार नाहीं. परंतु चार-पांच नोंदी झाल्यावर ह्या गाडीचा नेहमींचा गाळ कसा असतो, हें त्या वहीवरून कळूं लागेल. आणि मग ज्या दिवशीं कांहीं निराळें निघेल, त्या दिवशीं तें निराळें आहे हें सांगावयास दुसऱ्या कोणाची गरज पडणार नाहीं.